दोन रांगांच्या मधले मूल

आश्रमशाळेतला परिपाठ आटोपतो, मुले मैदानावर येतात आणि खेळाचा तास सुरू होतो. शिक्षकांची पहिली शिट्टी वाजते, तिच्यापाठोपाठ पहिली आज्ञा येते : मुले या बाजूला, मुली त्या बाजूला. क्षणार्धात दोन रांगा तयार होतात. ही आज्ञा इतकी सवयीची आहे, की ती देणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला तिच्यात काही विशेष वाटत नाही. परंतु शेकडो मुलांच्या त्या गर्दीत एखादे मूल असे असते, की ज्याचे पाऊल क्षणभर अडखळते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे जे लिहिले आहे आणि त्याचे मन त्याला जे सांगते आहे, त्यांचा मेळ बसत नाही. ते मूल मुकाट्याने सांगितलेल्या रांगेत जाऊन उभे राहते. मग त्याची चाल, त्याचा आवाज, चेंडू फेकण्याची त्याची लकब कोणाच्या तरी नजरेस येते. ‘बायल्या’ हा शब्द प्रथम कानावर पडतो तो बहुधा येथे, वर्गात नव्हे. पुढे ते मूल पोट दुखते म्हणून सांगू लागते, खेळाच्या तासाला झाडाखाली बसू लागते आणि एके दिवशी शाळेतच येईनासे होते.

तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुणांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती न्यायालय, कायदा आणि दाखला यांच्याभोवती फिरते. ती आवश्यक आहे, यात शंका नाही. तथापि ज्या जागी अशा मुलाला समाजाने प्रथम बाहेर काढले, त्या जागेकडे, म्हणजे शाळेच्या आणि गावाच्या मैदानाकडे, आपले लक्ष फारसे गेलेले नाही. जेथून हाकलले गेले तेथेच परत घेतले जाणे, यात जी किमया आहे ती कोणत्याही शासकीय कागदात नाही, असे देशाच्या काही भागांतील अनुभव सांगतो. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात हा विचार विशेष अगत्याने करावयास हवा.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून हे तालुके आहेत. किनाऱ्याला मच्छीमारांची वस्ती, घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या, डहाणूत फुग्यांचे कारखाने आणि पूर्वेकडे डोंगरउतारावर विखुरलेले वारली, कोकणा, धोडिया, दुबळा व कातकरी यांचे पाडे. तलासरी तालुक्यात दहांपैकी सुमारे नऊ माणसे आदिवासी आहेत. भातकापणी उरकली, की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर वा बांधकामावर जातात; तरुण मंडळी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांची वाट धरतात. करमणुकीची साधने अशी फार नाहीत. म्हणूनच येथे खेळाला जे स्थान आहे, ते शहरातील वाचकाला चटकन उमगणार नाही. कापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात कबड्डीचे वा क्रिकेटचे सामने होतात, तेव्हा पाड्यापाड्यांतून माणसे लोटतात. कोण कोणाचा मुलगा, किती शिकला, किती कमावतो, हे सारे त्या वेळी मागे पडते. कोणाची चढाई चांगली आणि कोणाची पकड पक्की, एवढेच लोक बोलतात. गावात नाव होण्याची ही एक स्वस्त आणि खुली वाट आहे.

जे मूल दोन रांगांच्या मध्ये अडकले, त्याच्यासाठी ही वाट बंद होते आणि दुसरी एकच उघडी राहते. डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी १६ एप्रिल २०१३ पासून धावू लागली. या गाडीने नोकरदारांची आणि भाजी-मासळी विकणाऱ्यांची मोठीच सोय केली. पण घरात मारहाण आणि गावात टवाळी सोसून कंटाळलेला पोरसवदा जीवही याच गाडीने मुंबईच्या दिशेने जाऊ शकतो. तेथे त्याला एखादी गुरू भेटते, त्याच्यासारख्यांचे एक घर भेटते. त्या घराला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांना कोणी ठेवून घेतले नाही त्यांना त्या घराने ठेवून घेतले. परंतु त्यापुढचा मार्ग बहुधा टाळ्या वाजवून पैसे मागण्याचा किंवा त्याहून कठीण असतो. आदिवासी मुलाच्या बाबतीत तर हानी दुहेरी असते. गाव सुटले की भाषा सुटते, सणवार सुटतात. शिधापत्रिकेवरचे नाव, जातीचा दाखला, बापजाद्यांच्या वनजमिनीच्या पट्ट्यावरचा हक्क हे सारे हळूहळू हातातून निसटते. इतरांपेक्षा ज्याला या आधारांची अधिक गरज, तोच त्यांना आधी मुकतो.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता देणारा ऐतिहासिक निकाल दिला. संसदेने २०१९ मध्ये कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला. त्यापूर्वी २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांव्यतिरिक्त ‘इतर’ असा रकाना प्रथमच आला होता. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. घरातल्या कर्त्या माणसाने दिलेल्या माहितीवर हे आकडे बेतलेले, तेव्हा ते कमीच असणार हे उघड आहे. तरीही त्यांतली एक गोष्ट बोलकी आहे. देशाचे साक्षरतेचे प्रमाण त्या वेळी ७४ टक्के होते. या रकान्यातील व्यक्तींचे होते सुमारे ५६ टक्के. शाळा कोठेतरी त्यांना गमावत होती. कायदा मुलाला प्रवेश देण्याची आज्ञा शाळेला देऊ शकतो. पण मधल्या सुट्टीत त्याला आपल्या बाजूने खेळायला घ्या, असे तो मुलांना सांगू शकत नाही. ते काम मैदानालाच करावे लागते.

मैदान ते करू शकते काय? याचे उत्तर आदर्शवादाने नव्हे, तर घडलेल्या गोष्टींवरून द्यावे. केरळच्या राज्य क्रीडा परिषदेने २०१७ च्या एप्रिलमध्ये तिरुवनंतपुरम येथे तृतीयपंथीयांच्या राज्यस्तरीय मैदानी स्पर्धा भरविल्या. मणिपूरमध्ये इंफाळ येथील ‘या-ऑल’ या संस्थेने २०२० मध्ये जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःला पुरुष मानणाऱ्या तरुणांचा फुटबॉल संघ उभा केला. आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र झारखंडचे आहे. जमशेदपूरच्या फुटबॉल क्लबने डिसेंबर २०२४ मध्ये तृतीयपंथीयांची एक फुटबॉल साखळी स्पर्धा सुरू केली. तिच्यात सात संघ उतरले, आणि ते जमशेदपूरबरोबरच चाईबासा, चक्रधरपूर, नोआमुंडी, सराईकेला अशा कोल्हान भागातील गावांचे होते. हा भाग आदिवासींचा. खाणी, कारखाने आणि रोजंदारी यांवर जगणारा. आठवडाभर मजुरी करणारे खेळाडू गावाचे नाव छातीवर लावून मैदानात उतरले. डहाणू-तलासरीहून हा मुलूख फार दूर असला, तरी तेथील माणसाचे जिणे आपल्या पाड्यावरच्या जिण्याहून फारसे निराळे नाही.

सांघिक खेळाचा एक गुण येथे ध्यानात घ्यावा. दया दाखविणारा माणूस वरच्या पायरीवर उभा असतो आणि दया स्वीकारणारा खालच्या. संघात असे चालत नाही. कबड्डीत साखळी धरताना शेजाऱ्याचे मनगट घट्ट धरावेच लागते. ते धरणाऱ्याला शेजाऱ्याविषयी आदर वाटो वा न वाटो, ते मनगट सुटले तर आपला गुण जातो, हे त्याला पक्के ठाऊक असते. गरजेतून सवय लागते आणि सवयीतून स्नेह जडतो. मनुष्यस्वभावाचा हा क्रम उपदेशापेक्षा अधिक भरवशाचा आहे. आपल्या भाषेनेही येथे एक उदारपणा दाखविला आहे. कबड्डीत आणि खो-खोत खेळाडूला ‘गडी’ म्हणतात, आणि मुलींच्या सामन्यातही ‘गडी बाद’ असाच पुकारा होतो. सीमारेषेच्या आत जो आला तो गडी. त्याहून अधिक चौकशी ही भाषा करीत नाही.

येथे एक आक्षेप साहजिकच उपस्थित होईल, आणि तो बाजूस सारता येणार नाही. मुलगा म्हणून वयात आलेल्या व्यक्तीची उंची, हाडांची ठेवण, स्नायूंचे बळ ही स्त्रियांपेक्षा सरासरीने अधिक असतात. मग अशा व्यक्तीने स्त्रियांच्या स्पर्धेत उतरणे न्याय्य आहे काय? स्त्रियांनी मोठ्या कष्टाने मिळविलेल्या या जागेचे रक्षण व्हावयास नको काय? प्रश्न रास्त आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, पुरुष म्हणून यौवनावस्था ओलांडलेल्या पारलिंगी स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धांचे दार बंद केले. या निर्णयाची झळ एका मराठी घरालाही लागली. भारताचे माजी कसोटीपटू संजय बांगर यांचे अपत्य अनाया हिने लहानपणापासून क्रिकेटचाच ध्यास घेतला होता. शरीरोपचार घेऊन ती स्त्री म्हणून जगू लागली, आणि नेमक्या त्याच सुमारास तिच्यापुढे ही भिंत उभी राहिली. आपली ही कहाणी तिने स्वतःच जाहीरपणे मांडली आहे. नियम योग्य की अयोग्य, हा वाद शास्त्रज्ञांनी व क्रीडासंघटनांनी पुराव्यानिशी चालवावा. पण नियमाच्या पलीकडे एक जिवंत माणूस उभा असतो, एवढे भान वाद करताना सुटू नये.

हे भान सुटले म्हणजे काय होते, ते शांती सौंदरराजन हिच्या बाबतीत देशाने पाहिले आहे. तमिळनाडूतील वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची ही मुलगी. २००६ मध्ये दोहा येथील आशियाई स्पर्धेत ८०० मीटरच्या शर्यतीत तिने रौप्यपदक मिळविले, आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले. ती पारलिंगी नव्हती. मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणूनच वाढली. निसर्गाने तिच्या शरीराच्या घडणीत काही वेगळेपण ठेवले होते, एवढेच. चाचणीचा निष्कर्ष खाजगी राहावयास हवा होता. तो देशभर चघळला गेला. ज्या तालुक्यांतून दरवर्षी शेकडो कुटुंबे वीटभट्टीवर जातात, तेथील शिक्षकांना ही गोष्ट परकी वाटू नये.

परंतु आशियाई पदकाचा प्रश्न आणि तलासरीच्या एखाद्या आश्रमशाळेतील खेळाच्या तासाचा प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या धाकाने दुसऱ्याचे दार लावून घेणे म्हणजे ऑलिंपिकच्या नियमावर बोट ठेवून गावातल्या पोराला विटीदांडू नाकारण्यासारखे आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलग्यांच्या आणि मुलींच्या शारीरिक ताकदीत फारसा फरक नसतो. त्या वयात दोन रांगा करण्याचे कारण शरीरशास्त्रात सापडत नाही. ते आपल्या सवयीत आहे. शिवाय या वादात पारलिंगी पुरुषांचा, म्हणजे मुलगी म्हणून नोंद झालेल्या मुलांचा, सर्वांनाच विसर पडतो. त्यांच्यामुळे कोणाचे पदक धोक्यात येत नाही. तरीही मैदानावरून सर्वांत आधी नाहीशी होतात ती तीच, कारण वयात आल्यावर ‘आता पुरे झाला खेळ’ हे घरचे वाक्य त्यांच्या वाट्याला दुप्पट जोराने येते.

मैदानाचा संबंध भाकरीशीही आहे, आणि डहाणू-तलासरीत तो डोळ्यांनी दिसतो. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली या भागात नेहमीच नजरेस पडतात. ती हौसेने धावत नाहीत. पोलीस, वनखाते, सैन्य यांच्या भरतीसाठी धावतात. तृतीयपंथी तरुणाला या रांगेतही जागा नव्हती. तमिळनाडूतील पृथिका याशिनी हिने न्यायालयात झगडून ही वाट प्रथम काढली. धावण्याच्या १०० मीटर चाचणीत ती अवघ्या १.१ सेकंदाने मागे पडली होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिच्या बाजूने कौल दिला आणि ती पोलीस उपनिरीक्षक झाली. छत्तीसगढने २०२१ मध्ये १३ तृतीयपंथीयांना पोलीस शिपाई म्हणून निवडले. आपल्या राज्यात आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल यांनी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने शासनाची कानउघाडणी केल्यावर पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय देण्याचे व शारीरिक चाचणीचे नियम करण्याचे शासनाने मान्य केले. २०२४ मध्ये विजया वसावे या सातपुड्यातील आदिवासी तरुणीची बातमी आली. नंदुरबार जिल्ह्यात वनरक्षक म्हणून रुजू झालेली ती राज्यातली पहिली तृतीयपंथी. अंगावर गणवेश घालून आपल्याच डोंगरात, आपल्याच माणसांत तिने उभे राहावे, याचे मोल केवळ पगारात मोजता येणार नाही.

मात्र चाचणीचा अर्ज उघडा झाला म्हणजे चाचणी पार पडली असे होत नाही. धावण्याचा सराव महिनोन् महिने करावा लागतो आणि तो एकट्याने होत नाही. सोबत लागते, वेळ मोजणारे कोणी लागते, दमल्यावर ‘अजून एक फेरी’ म्हणणारे कोणी लागते. पहाटे धावणाऱ्या टोळीने आपल्यातल्या एकाला वगळले, तर न्यायालयाने उघडलेले दार त्याच्यापुरते बंदच राहते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा एका आदिवासी पाड्याचे नाव देशाने ऐकले. अशा वेळी पाडाही धावणाऱ्याचा होतो. जो धावतो त्याचे पाय गावाला आपलेसे वाटतात. हा अनुभव तृतीयपंथी मुलाच्या वाट्याला का येऊ नये?

आदिवासी समाज या बाबतीत मुळातच उदार आहे, असे गोड चित्र रंगविण्याचे कारण नाही. पाड्यावरही टवाळी होते, भगताकडून उतारे काढले जातात, मारहाण होते. परंतु या भूमीने ठरलेल्या रेषा ओलांडल्याची उदाहरणे आहेत, हेही तितकेच खरे. लग्नघराच्या भिंतीवर चौक रेखण्याचे काम वारल्यांत परंपरेने सुवासिनींचे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे या पुरुषाने ती काडी हाती घेतली आणि ती कला जगभर पोहोचविली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांचे काम हाती घेणाऱ्या या पुरुषाच्या नावाचा आज साऱ्या जिल्ह्याला अभिमान आहे. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांनी वेठबिगारी न करण्याचा निर्धार केला. जे पिढ्यान् पिढ्या चालत आले ते तसेच चालले पाहिजे, हा युक्तिवाद गोदावरी परुळेकरांच्या साक्षीने या मातीने त्याच वेळी फेटाळला आहे.

शिक्षकांना तर आणखी जवळचा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या आणि त्यातून कुरणशाळा जन्मली. तान्ह्यांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी शाळा अंगणात गेली. मूल आपल्या चौकटीत बसत नसेल तर चौकट हलवून पाहावी, हा धडा डहाणू तालुक्याने देशाला दिला. तोच आज डहाणूच्या मैदानांनी गिरवावयाचा आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. संघ पाडताना मुले-मुली अशा रांगांऐवजी आकड्यांनी वा रंगांनी संघ पाडता येतात. खालच्या इयत्तांत तर ते आजही सहज शक्य आहे. मिश्र रिले, मिश्र व्हॉलीबॉल, चालण्या-धावण्याचे सामुदायिक सराव हे प्रकार वाढविता येतात. कपडे बदलण्यासाठी आडोशाची एक खोली देता येते. मैदानावर ‘बायल्या’ हा शब्द उच्चारणाऱ्याला, मग तो शिक्षक का असेना, तेथल्या तेथे थांबविता येते. आदिवासी विकास विभागाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत पदकाच्या शर्यतींबरोबर केवळ सहभागाच्या शर्यतीही ठेवता येतात. पाड्यावरच्या तरुण मंडळांना आपल्या सामन्यांत कोणालाही घेण्यापासून कोणताही नियम अडवीत नाही. आणि या सर्वांइतकेच महत्त्वाचे पथ्य असे, की कोणत्याही मुलाला त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कसलेही नाव चिकटवू नये. सभा भरवून, हार घालून, छायाचित्र काढून त्याचा ‘स्वीकार’ जाहीर करू नये. ज्याला निमूट खेळावयाचे आहे त्याला खेळू द्यावे.

काही पालक विचारतील, काही सहकारी हसतील, एखादे मंडळ संघातून नाव काढण्याचा आग्रह धरील. शिक्षकाला या वेळी एकटे वाटेल. पण ज्या मुलाला रोज सकाळी शिट्टी वाजताच एकटे वाटते, त्याच्या मानाने हे एकटेपण थोडे आहे. आश्रमशाळेचे शिक्षक त्या मुलाला आईबापांपेक्षा अधिक काळ पाहतात. कोणाचे पाऊल अडखळते, हे त्यांच्याइतके कोणालाच दिसत नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरतात, तेव्हा भात निघालेले असते आणि मैदाने कोरडी होतात. स्पर्धांचे दिवस जवळ येतात. खेळाचा पहिला तास सुरू होईल, शिट्टी वाजेल. त्या वेळी ‘मुले या बाजूला, मुली त्या बाजूला’ असे म्हणण्याआधी एखाद्या शिक्षकाने क्षणभर थांबावे, आणि समोरच्या साऱ्यांना एक ते चार आकडे मोजावयास सांगावे. एकच्या संघात कोण आले आणि चारच्या संघात कोण गेले, हे पाहण्याची मग कोणालाच गरज उरणार नाही. सामना सुरू झालेला असेल.